स्वर आणि आसन

(सुरत येथे देवस्थानाच्या महाजन कुटुंबांच्या मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय ‘विसाव्या शतकातील थोर गायक-गायिकांचे गुणग्रहण’ असा योजिला आहे. विषय विशाल आहे. नामावळी वाचू लागल्यास रात्र सरेल आणि हाती केवळ नावेच राहतील. म्हणून येथे एकच प्रश्न विचारात घ्यावयाचा आहे. एखाद्या गायकाचे गुणग्रहण पूर्ण झाले, असे केव्हा म्हणावे? त्याच्या स्वरावर मान डोलावली म्हणजे ते पूर्ण होते, की त्यापुढेही समाजाचे काही देणे उरते? हा प्रश्न इतर कोणत्याही सभेपेक्षा महाजनांच्या सभेत विचारणे अधिक उचित आहे. त्याचे कारण ओघाने स्पष्ट होईल.

प्रथम ‘महाजन’ या शब्दाविषयी दोन शब्द. सुरतेच्या बाजारपेठेत महाजन म्हणजे व्यापाऱ्यांची संघटना. बाजाराचे नियम ठरविणे, पेढ्यापेढ्यांतील तंटे मिटविणे, पांजरापोळासारखी धर्मकार्ये चालविणे ही तिची कामे. १६६९ साली धर्मांतराच्या जुलमाला विटून येथील वाणी महाजनांनी दुकाने बंद केली, हजारो पुरुषांनी घरदार मागे ठेवून भडोचचा रस्ता धरला आणि बादशहाकडून आश्वासन मिळाल्यावरच ते परतले. गोमंतकात महाजन म्हणजे ज्या कुळांनी देवालय स्थापिले आणि राखिले ती कुळे. सोळाव्या शतकात संकट कोसळले तेव्हा याच कुळांच्या पूर्वजांनी मूर्ती उचलून नदीपार नेल्या. कुशस्थळीचा श्रीमंगेश प्रियोळास आला तो त्याच धामधुमीत. सुरतेतील अर्थ आणि गोमंतकातील अर्थ वेगळे दिसले तरी त्यांचा गाभा एक आहे. ज्यांनी जबाबदारी अंगावर घेतली ते महाजन. हक्क त्यामागून आले.

ही जबाबदारी देवाच्या मूर्तीची होती, दागिन्यांची होती, जमिनींची होती. त्याच देवालयाच्या सभामंडपात जो स्वर वाढला त्याचीही ती होती काय, हे आता पाहावयाचे आहे.

एक दिवस, दोन कंठ

१६ सप्टेंबर १९७७ हा दिवस संगीताच्या इतिहासात एका विलक्षण योगायोगाने नोंदला गेला आहे. त्या दिवशी मुंबईस सुरश्री केसरबाई केरकर यांचे निधन झाले आणि त्याच दिवशी पॅरिस येथे मारिया कॅलास निवर्तल्या. एक हिंदुस्थानी ख्यालगायनाच्या शिखरावरील गायिका, दुसरी युरोपीय ऑपेराच्या शिखरावरील. केसरबाई पंच्याऐंशी वर्षांच्या होत्या. कॅलास अवघ्या त्रेपन्नाव्या वर्षी गेल्या.

केसरबाईंचा जन्म १३ जुलै १८९२ रोजी फोंडा महालातील केरी या गावी झाला. आठव्या वर्षाच्या सुमारास त्या कोल्हापुरास गेल्या व तेथे काही महिने त्यांना अब्दुल करीम खाँसाहेबांची तालीम मिळाली. गोव्यास परतल्यावर रामकृष्णबुवा वझे आणि पुढे मुंबईत बरकतुल्ला खाँ व भास्करबुवा बखले यांच्याकडून त्यांना तुटक तुटक विद्या मिळाली. तुटक विद्येने त्यांचे समाधान झाले नाही. १९२१ साली त्यांनी अल्लादिया खाँसाहेबांचा गंडा बांधला, तेव्हा त्या तिशीच्या उंबरठ्यावर होत्या. आधी शिकलेले बाजूस ठेवून नव्याने आरंभ करावयाचा आणि तोही अशा वयात, हे सामान्य मनाचे काम नव्हे. १९४६ साली खाँसाहेब पैगंबरवासी होईपर्यंत हे गुरुशिष्याचे नाते टिकले.

कॅलास यांचा जन्म १९२३ साली न्यूयॉर्क येथे ग्रीक आईबापांच्या पोटी झाला. किशोरवयात त्या अथेन्सला आल्या आणि एल्व्हिरा दे हिदाल्गो या स्पॅनिश गायिकेपाशी त्यांनी विद्या घेतली. १९४९ साली व्हेनिस येथे त्यांनी वाग्नरच्या नाटकातील भारदस्त, भरघोस आवाजाची भूमिका केली आणि त्यानंतर काही दिवसांतच बेल्लिनीच्या नाटकातील तानांनी भरलेली, चपळ आवाजाची भूमिका उभी केली. एकाच कंठाने ही दोन कामे इतक्या थोड्या अवधीत करावीत, हे तेथील जाणत्यांना अशक्यप्राय वाटले होते. आपल्याकडील दाखला द्यावयाचा तर एखाद्याने धीरगंभीर धृपद गाऊन लगेच तितक्याच अधिकाराने टप्पा गावा, तसा हा प्रकार होता.

दोघींचा स्वभाव कठोर, मानी आणि कलेच्या बाबतीत तडजोड न मानणारा होता. दोघींविषयी ‘फार अहंकारी’ अशी कुजबुज होत असे. स्त्रीने आपल्या विद्येची किंमत स्वतः ठरविली की समाज तिला अहंकारी म्हणतो, आणि पुरुषाने ठरविली की तोच समाज त्याला स्वाभिमानी म्हणतो. हा भेद गुणग्रहण करणाऱ्याने आधी मनातून काढावा.

ऐकावे कसे

या दोन कला ऐकण्याची रीत निराळी आहे. ऑपेरा म्हणजे आरंभापासून अखेरपर्यंत स्वरांत बांधलेले नाटक. रचनाकाराने प्रत्येक स्वर लिहून ठेवलेला असतो. गायकाला स्वर बदलण्याची मुभा बहुतांशी नसते. त्याचे कर्तृत्व त्या लिहिलेल्या स्वरात प्राण ओतण्यात आहे. शिवाय साठ-सत्तर वाद्यांचा ताफा समोर वाजत असताना ध्वनिक्षेपकाविना त्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचावा लागतो. ते केवळ ओरडण्याने साधत नाही. शिक्षित कंठातून सेकंदास तीन हजार कंपनांच्या आसपास एक विशेष तेज उमटते. त्या जागी वाद्यवृंदाचा जोर कमी असतो, म्हणून आवाज वाद्यांच्या भिंतीतून आरपार निघतो, असे ध्वनिशास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे.

ख्यालात लिहिलेले काही नसते. चार ओळींची चीज, दोन तंबोरे, तबला, साथीला सारंगी किंवा पेटी, आणि पुढे सारा राग गायकाने त्या क्षणी उभा करावयाचा. जयपूर-अत्रौली घराण्यात हे काम विशेष अवघड. जोडरागांत दोन रागांची अंगे एकमेकांत गुंफावयाची, निर्मळ आकारात आलाप करावयाचा, आणि लयीचे बोट न सोडता पेचदार तानांची साखळी अशी विणावयाची की समेवर येताना ऐकणाऱ्याचा श्वास रोखला जावा. सुरतेच्या कारागिरांना हे सहज उमजेल. येथील जर जगप्रसिद्ध आहे. जरीचा धागा वस्त्रातून कोठे वर येतो, कोठे खाली जातो, हे विणकराला ठाऊक असते. पाहणाऱ्याला केवळ अखंड झळाळी दिसते. केसरबाईंची तान अशीच होती. जोड कोठे दिसत नसे.

दोन्ही कलांना समान असे एकच आहे, ते म्हणजे श्वास. दमसास नसेल तर ऑपेराचा दीर्घ स्वर तुटतो आणि ख्यालाची तानही तुटते. या दोघी ज्या पिढ्यांत घडल्या, त्या पिढ्यांची तालीम विजेच्या यंत्रावर विसंबणारी नव्हती.

रंगभूमीची देवडी

मराठी माणसाला ऑपेरा सर्वस्वी परका नाही. इटलीतील फ्लॉरेन्स नगरात १६०० च्या सुमारास काही विद्वानांनी प्राचीन ग्रीक नाटक पुन्हा जिवंत करावे म्हणून गाण्यात नाटक बांधले व ऑपेराचा उगम झाला. पुण्यास ३१ ऑक्टोबर १८८० रोजी अण्णासाहेब किर्लोस्करांनी कालिदासाचे ‘शाकुंतल’ पदांत बांधून रंगभूमीवर आणिले आणि संगीत नाटकाचा जन्म झाला. दोन्हीकडे प्रेरणा जुन्या अभिजात नाटकाची होती. मुंबईत १९११ साली पंचम जॉर्ज बादशहाच्या हस्ते उद्घाटन झालेल्या रॉयल ऑपेरा हाऊसमध्ये पुढे आपल्या गायक-नटांची पदेही रंगली.

साम्य आणखी एका बाबतीत आहे आणि ते भूषणास्पद नाही. रोममध्ये पोपच्या सत्तेखाली दीर्घकाळ स्त्रियांना रंगभूमीवर गाण्याची बंदी होती व त्यांच्या भूमिका पुरुष करीत. मराठी रंगभूमीवरही स्त्रीभूमिका पुरुषच करीत. बालगंधर्वांनी त्या भूमिकांना जे लावण्य व जे स्वरमाधुर्य दिले, ते अलौकिकच होते. त्याविषयी वाद नाही. तथापि, ज्या काळी पुरुषाने केलेल्या शकुंतलेवर सारा महाराष्ट्र मोहित होता, त्याच काळी गाणाऱ्या स्त्रीला प्रतिष्ठित घरच्या दिवाणखान्यात बसण्यास जागा नव्हती.

ती जागा मिळवून देण्यात हिराबाई बडोदेकरांचा वाटा मोठा आहे. त्या अब्दुल करीम खाँसाहेब आणि बडोद्याच्या ताराबाई माने यांच्या कन्या. तिकीट लावून जाहीर मैफल करणाऱ्या पहिल्या स्त्री-गायिकांत त्यांची गणना होते. साधे पातळ, शांत मुद्रा, हावभाव नाहीत, केवळ स्वर. त्यांच्या मैफलींनी मध्यमवर्गीय घरांतील मुलींना तंबोरा हाती धरण्याचे धैर्य दिले. बडोदे सुरतेहून काही दूर नाही. १९१६ साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने पंडित भातखंडे यांनी अखिल भारतीय संगीत परिषदेचे पहिले अधिवेशन भरविले तेही बडोद्यासच.

तापी, नर्मदा आणि मराठी गुरू

गुजरातच्या भूमीने मराठी विद्येला केवळ आश्रय दिला असे नव्हे, तर तिला थोर शिष्यही दिला. कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुसकर यांनी १९०१ साली लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले, त्याचा मुख्य हेतू गायकाला समाजात मान मिळवून देणे हाच होता. त्यांचे शिष्य पंडित ओंकारनाथ ठाकूर १८९७ साली जहाज या गावी जन्मले आणि नर्मदातीरी भडोच येथे वाढले. सुरतेच्या वाण्यांनी १६६९ साली ज्या भडोचला आसरा घेतला तेच हे भडोच. १९३३ साली ओंकारनाथ युरोपात गेले आणि ऑपेराचे जन्मस्थान जे फ्लॉरेन्स तेथील संगीत परिषदेस उपस्थित राहिले. त्यांच्या गायनात शब्दाच्या भावानुसार आवाजाचा लगाव बदलत असे. याला शास्त्रात काकु म्हणतात. आवाजाचे हे नाट्य काही शुद्धतावाद्यांना रुचत नसे. ऑपेराच्या रसिकाला मात्र ते तत्काळ आपलेसे वाटावे असेच होते. पुढे बनारस हिंदू विश्वविद्यालयात त्यांनी संगीत विभागाची धुरा सांभाळली. गुरूला गायकासाठी जे आसन हवे होते ते शिष्याने विद्यापीठात मांडले.

आणि तापी? जी तापी सुरतेच्या घाटांवरून सागराला मिळते, तिच्याच काठी वर खानदेशात थाळनेर आहे. मास्टर दीनानाथ मंगेशकरांची सासुरवाडी ती. त्यांचे सासरे हरिदास लाड हे गुजराती व्यापारी. लतादीदींच्या मातोश्री माई मंगेशकर या त्या घरच्या कन्या. म्हणजे मंगेशीच्या सभामंडपातील स्वर आणि गुजराती गरब्याची लय, दोहोंचा वारसा एकाच घरात आला. लतादीदींचा आवाज भारतातील घराघरांत गेला. त्या आवाजावर गोमंतकाइतकाच तापीकाठचाही हक्क आहे, असे सुरतकरांनी म्हटल्यास ते वावगे ठरणार नाही.

सभामंडप आणि त्यापलीकडे

आता मूळ प्रश्नाकडे यावयाचे.

गोमंतकातील देवालयांत पालखीच्या वेळी, उत्सवात, आरतीपूर्वी गायनसेवा करणारी घराणी होती. कलावंत हे त्यांचे नाव. काही घराण्यांना सेवेपोटी जमीन तोडून दिलेली असे. पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या घरांतील स्त्रियांनी देवासमोर गाइले, आणि त्या सेवेतून स्वराचे, लयीचे असे संस्कार घडले की विसाव्या शतकात हिंदुस्थानी संगीताला एवढ्याशा प्रदेशाने दिलेल्या गायक-वादकांची गणना करताना मोठमोठ्या प्रांतांनीही संकोचावे.

परंतु त्या स्त्रिया महाजन नव्हत्या. देवस्थानाच्या व्यवहारात त्यांना मत नव्हते. पोर्तुगीज अमदानीत १८८६ व १९३३ साली देवस्थानांचे नियम छापले गेले, त्यांत महाजनांचे हक्क कलमवार आले. गाणारणींच्या कर्तृत्वाला त्यांत कलम नव्हते. गाणे सर्वांना हवे होते. गाणाऱ्या स्त्रीच्या मुलांना बापाचे नाव मात्र मिळत नसे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या समाजातीलच राजाराम पैंगीणकरांसारखे कार्यकर्ते उभे राहिले. शिक्षण, विवाह आणि स्वाभिमान यांचा मार्ग त्यांनी आपल्या लोकांना दाखविला आणि गोमंतक मराठा समाज ही नवी ओळख घडली. पैंगीणकरांनी आपल्या आत्मवृत्ताला ‘मी कोण?’ असे नाव दिले. त्या दोन शब्दांत साऱ्या समाजाची वेदना आहे, आणि तो प्रश्न उत्तरासाठी महाजनांच्याही दारी आला होता, हे मान्य केले पाहिजे.

मोगूबाई कुर्डीकरांचे उदाहरण घ्यावे. १९०४ साली कुर्डी गावी जन्म. बालवयातच नाटकमंडळीत प्रवेश. लवकरच आईचे छत्र हरपले. १९१९ साली सांगलीत अल्लादिया खाँसाहेबांनी त्यांचे गाणे ऐकले आणि आपण होऊन शिकविण्यास आरंभ केला. पुढे तालमीत खंड पडले, हालअपेष्टा झाल्या, परंतु विद्या सोडली नाही. त्यांच्या कन्या किशोरीताई आमोणकर यांनी अनेकदा जाहीरपणे सांगितले की आईला संयोजकांकडून जी वागणूक मिळाली ती त्यांनी लहानपणी डोळ्यांनी पाहिली होती. म्हणूनच स्वतः त्या मानाच्या बाबतीत कधी नमल्या नाहीत. किशोरीताईंच्या मैफलीत उशीर झाला, त्या रागावल्या, असे किस्से रसिक चवीने सांगतात. त्या रागाचे मूळ कोठे होते, हे सांगणारे थोडे. मोगूबाईंना १९७४ साली पद्मभूषण मिळाले आणि किशोरीताईंना १९८७ साली. हा सन्मान राष्ट्राने केला. त्याआधी तो गावाने किती केला होता?

आणि तरीही या स्त्रियांनी गावाला काय दिले पाहा. केरकर, कुर्डीकर, मंगेशकर ही सारी नावे गावांची आहेत. कुर्डी गाव साळावलीच्या धरणाच्या जलाशयाखाली गेले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की देऊळ आणि घरांचे चौथरे वर येतात आणि पावसाळ्यात पुन्हा बुडतात. परंतु ‘कुर्डीकर’ हे नाव बुडाले नाही. गाव पाण्याखाली असताना गावाचे नाव तंबोऱ्यावर तरंगत राहिले. ज्यांना गावाने पूर्ण आसन दिले नाही, त्यांनीच गावाला अमर केले.

मंगेशीचेच दुसरे नाव पंडित जितेंद्र अभिषेकी. १९२९ साली पुजारी घराण्यात जन्म, वडिलांकडून कीर्तनाचे संस्कार. एका बाजूस अभिषेकी, दुसऱ्या बाजूस दीनानाथ. गाभाऱ्याच्या आतला स्वर आणि सभामंडपातला स्वर. ‘मत्स्यगंधा’ आणि ‘कट्यार काळजात घुसली’ या नाटकांची पदे ऐकताना या दोन धारा निराळ्या करून दाखविता येतील काय? स्वर तेथे एकच आहे. भेद माणसांनी केला होता.

बंद दार

हा दोष केवळ आपल्याच देशाचा, असे समजून खाली मान घालण्याचे कारण नाही. तसेच तो सर्वत्र आहे म्हणून निश्चिंत होण्याचेही नाही. ओंकारनाथांच्याच वर्षी, १८९७ साली, अमेरिकेत मेरियन अँडरसन या कृष्णवर्णीय गायिकेचा जन्म झाला. युरोपातील राजधान्यांत त्यांचा जयजयकार झाला, पण १९३९ साली वॉशिंग्टनमधील एका मोठ्या सभागृहाच्या मालकीण संस्थेने, त्या कृष्णवर्णीय आहेत म्हणून, सभागृह नाकारले. अध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रुझवेल्ट यांनी त्या संस्थेच्या सदस्यत्वाचा राजीनामा दिला. ९ एप्रिल १९३९ रोजी लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर, उघड्या आकाशाखाली, पाऊण लाखाच्या समुदायापुढे अँडरसन गाइल्या. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराने त्यांना रंगमंचावर पाचारण केले ते १९५५ साली. तोवर कंठाचा ऐन बहर सरला होता. १९५७ साली त्या भारतातही येऊन गाऊन गेल्या.

एलिनॉर रुझवेल्ट यांचा राजीनामा आणि सुरतेच्या वाण्यांचे शहर सोडून जाणे, या दोन घटनांत सुमारे पावणेतीन शतकांचे अंतर आहे. तरी दोहोंत महाजनपणाचे लक्षण एकच दिसते. अन्यायाच्या जागी आपले आसन गरम करीत बसावयाचे नाही.

तबकडीवरील नाव

गायकाचा स्वर आणि नाव जतन करण्याचे काम विसाव्या शतकात एका यंत्राने केले. ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गायस्बर्ग या ध्वनिमुद्रकाने एप्रिल १९०२ मध्ये इटलीत मिलान येथे एन्रिको कारूझोचे गाणे मुद्रित केले आणि ऑपेरा श्रीमंतांच्या नाट्यगृहातून सामान्यांच्या घरी आला. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्याच गायस्बर्गने कलकत्त्यास गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले. तीन मिनिटांत राग मांडावयाचा आणि शेवटी स्वतःचे नाव उच्चारावयाचे, अशी ती रीत. तबकड्या जर्मनीत छापल्या जात. गाणारी कोण हे तेथील कामगारांना कळावे, एवढाच त्यामागचा हेतू होता. परंतु परिणाम किती मोठा झाला! ज्या गाणारणींची नावे दरबारांच्या आणि देवालयांच्या वह्यांत कोणी मानाने लिहिली नव्हती, त्यांपैकी एकीने आपले नाव स्वतःच्या आवाजात काळाच्या पाटीवर कोरले.

केसरबाईंचा या यंत्रावर फारसा विश्वास नव्हता. त्यांनी मोजक्याच तबकड्या दिल्या आणि पुढे हात आखडता घेतला. गाणे रस्तोरस्ती वाजावे हे त्यांना मान्य नव्हते. विद्या देण्याच्या बाबतीतही त्या तशाच काटेकोर होत्या. त्यांची विद्या मुख्यतः एकीनेच पुढे चालविली. त्या कोल्हापूरच्या धोंडूताई कुलकर्णी. ब्राह्मण घरच्या मुलीने कलावंत घराण्यातील बाईंच्या पायांशी बसून विद्या घ्यावी, यातच काळ किती पालटला हे दिसते.

आणि नियतीचा खेळ असा की ज्यांनी तबकडीला दूर ठेवले त्यांचीच तबकडी सर्वांत दूर गेली. १९७७ साली अमेरिकेने ‘व्हॉएजर’ ही दोन अंतराळयाने सोडली. त्यांवर पृथ्वीचे ध्वनी मुद्रित केलेली सोनेरी तबकडी आहे. साऱ्या जगातून निवडलेल्या सत्तावीस संगीतरचनांत भारताची एकच, ती केसरबाईंनी गाइलेली भैरवी. अवधी सुमारे साडेतीन मिनिटे. त्याच तबकडीवर ऑपेराचेही गाणे आहे. मोझार्टच्या ‘जादूची बासरी’ या नाटकातील रात्रीच्या राणीचे ते गाणे जर्मन गायिका एडा मोझर यांनी गाइले आहे. दुसरे यान ५ सप्टेंबरला निघाले आणि अकराव्या दिवशी केसरबाईंनी देह ठेवला. ते यान आज पृथ्वीपासून दोन हजार चारशे कोटी किलोमीटरांहून अधिक दूर आहे. २०१२ साली त्याने सूर्याच्या प्रभावक्षेत्राची सीमा ओलांडली. ख्याल आणि ऑपेरा, केरी गाव आणि म्युनिकचे नाट्यगृह, एकाच तबकडीवर शेजारी बसून चालले आहेत. तेथे कोणी कोणाचे कूळ विचारीत नाही. मैफलीची सांगता भैरवीने होते हे खरे, पण ही भैरवी अद्याप संपलेली नाही.

महाजनांचे कर्तव्य

मग आता काय करावयाचे? गतकाळाचा शोक करून काही साधत नाही आणि पूर्वजांना दूषणे देणे सोपे असते. त्यांनी देव राखले हे ऋण मोठेच आहे. परंतु ऋण फेडताना जी नोंद त्यांच्या वहीत राहून गेली, ती आपल्या वहीत करता येईल.

पहिली गोष्ट ही की देवस्थानाच्या इतिहासात ज्यांनी जीर्णोद्धार केला, पालखी अर्पिली, सुवर्णकलश चढविला, त्यांची नावे दगडावर कोरलेली असतात. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या देवासमोर गाइले, ज्यांनी सारंगी आणि तबला वाजविला, त्यांचीही नावे शोधावीत. वृद्ध माणसे हयात आहेत तोवर त्यांच्याकडून ऐकून घ्यावीत आणि स्मरणिकेत छापावीत. दगड महाग असेल तर कागद स्वस्त आहे. केरीत केसरबाईंच्या दुसऱ्या घराच्या जागी त्यांच्या नावाचे विद्यालय उभे आहे आणि गोव्यात दरवर्षी त्यांच्या नावे संगीत समारोह होतो. हे शुभ आहे. परंतु ज्यांच्या नावे शाळा निघाली नाही अशा शेकडोजणींचे काय?

दुसरी गोष्ट ही की उत्सवात गायकाला बोलाविताना केवळ बिदागीचा विचार न करता आसनाचा विचार करावा. गायक येतो केव्हा, उतरतो कोठे, जेवतो कोणाच्या पंगतीत, मंचावर बसताना समोरची माणसे बसलेली असतात की प्रसादासाठी उठलेली, या लहान दिसणाऱ्या बाबी खऱ्या गुणग्रहणाच्या कसोट्या आहेत. मध्येच टाळ्या न वाजविता समेपर्यंत थांबणे, मुलांना शेजारी बसवून तंबोऱ्याचा षड्ज ऐकविणे, एवढे प्रत्येक कुटुंबाला शक्य आहे.

तिसरी गोष्ट सुरतेपुरती. उद्योगधंद्यासाठी दूर आलेल्या कुटुंबांतील नवी पिढी कुलदैवताचे दर्शन वर्षातून एकदा घेते. भाषा घरापुरती उरते आहे. अशा मुलांना गावाशी जोडणारा धागा स्वराइतका बळकट दुसरा नाही. तबकड्या, फिती, जुने कार्यक्रमपत्रक, घरातील आजीच्या ओठांवरची आरतीची चाल, जे हाती असेल ते सांभाळावे आणि मुलांना ऐकवावे. ऐकविताना गाणारीचे नाव, तिचे गाव आणि तिचे कष्ट हे तिन्ही सांगावे. स्वर आणि माणूस एकत्र ऐकल्याने गाणे कमी होत नाही, उलट त्याची खोली वाढते.

थोर गायकांचे गुणग्रहण म्हणजे त्यांच्या स्वराचे कौतुक अधिक त्यांच्या आसनाची काळजी. पहिले आपण पिढ्यान्‌पिढ्या मनापासून केले. दुसरे करण्याची वेळ अद्याप गेलेली नाही. पुढील वर्षी याच स्मरणिकेत सेवेकरी गायक-वादकांच्या नावांचे एक पान छापले गेले, तरी आजच्या सभेचे सार्थक झाले असे म्हणता येईल. त्या पानाचा आरंभ कोणत्या नावाने करावा, हे ठरविण्याचा अधिकार महाजनांचा आहे, आणि जबाबदारीही त्यांचीच.

श्रीचरणी सर्वांच्या कल्याणाची प्रार्थना.